जुनी मोटार, नवा रंग आणि खरे मोल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात सुलतानपूर येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून मुलांचे शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा मी आज जुन्या मोटारींविषयी बोलणार आहे हे ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल तर त्यात नवल नाही. आयुष्यभर खडू आणि फळा यांच्याशी संबंध आलेल्या शिक्षकाने मोटारींविषयी काय सांगावे? तथापि हा विषय मी केवळ गंमत म्हणून निवडलेला नाही. तो पैशाचा आहे, तसाच वडिलार्जित वस्तूंकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो याचाही आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, गोठ्याच्या बाजूला किंवा वाड्याच्या पडवीत, एखादे जुने वाहन उभे आहे. कोठे आजोबांच्या काळातली जीप आहे, कोठे फियाट, तर कोठे काकांनी नव्या नोकरीच्या पहिल्या उमेदीत घेतलेली मोटारसायकल. काल-परवापर्यंत या वस्तूंना भंगाराचा भाव होता. आता शहरांतील हौशी लोक त्यांचा शोध घेत खेड्यांपर्यंत येऊ लागले आहेत. असे गिऱ्हाईक येणार म्हटले की घरात दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, "आधी गॅरेजात नेऊन चकचकीत रंग मारून घेऊ, म्हणजे भाव येईल." वडील म्हणतात, "आहे तशीच दाखव." यात खरे कोणाचे? वरवरच्या बारीक बदलांनी जुन्या वाहनाचे मोल वाढते, घटते, की तसेच राहते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आज मी यथामती प्रयत्न करणार आहे.

प्रथम मोल आणि किंमत यांतील भेद लक्षात घेऊ. नव्या वाहनाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरते. ते किती धावते, किती तेल खाते, आसने किती मऊ आहेत, हे गिऱ्हाईक पाहते. परंतु ज्या वाहनाचा उत्पादनकाळ संपून पन्नास-साठ वर्षे लोटली, त्याच्याकडे कोणी केवळ प्रवासाचे साधन म्हणून पाहत नाही. ते एका काळाचा साक्षीदार असते आणि साक्षीदाराची किंमत त्याच्या पोशाखावर ठरत नसून त्याच्या खरेपणावर ठरते.

हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. शेत नांगरताना कधी कधी शिवराई सापडते. ती काळी पडलेली असते म्हणून घरातील बाईमाणूस मोठ्या प्रेमाने तिला चिंच-मीठ लावून घासते. शिवराई लख्ख होते. परंतु नाण्यांचा जाणकार ती हातात घेतो आणि खाली ठेवतो. शतकांनी तांब्यावर चढवलेला थर गेला, त्याबरोबर अक्षरांचे काठही झिजले. आता ते नाणे नुसते तांबे होऊ लागले. येथून जवळच लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर आहे. त्याच्या झिजलेल्या शिल्पांना कोणी तैलरंग देऊ लागला, तर ती सुंदर झाली असे आपण म्हणू काय?

तथापि येथे एक सावधगिरी हवी. जुने जपणे म्हणजे त्याला हातच न लावणे असा अर्थ कोणी घेऊ नये. तांब्या-पितळेच्या भांड्याला आपण कल्हई लावतो. कल्हईने भांडे बदलले असे कोणी म्हणत नाही, कारण कल्हई ही देखभाल आहे. परंतु त्याच भांड्यावर पणजीचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले असते, ते जर कोणी गुळगुळीत दिसावे म्हणून घासून टाकले, तर भांडे राहते आणि पणजी जाते. देखभाल आणि बदल यांतील भेद एवढ्या एका उदाहरणाने स्पष्ट व्हावा. मोटारीच्या सांगाड्यावर आणि यंत्रावर कारखान्याने ठोकलेले जे क्रमांक असतात, ते त्या भांड्यावरील नावासारखेच होत. ते क्रमांक मूळचे असणे आणि नोंदणीपुस्तकाशी जुळणे, ही जुन्या वाहनाच्या मोलाची पहिली पायरी आहे.

आता बारीक बदलांकडे वळू. "एवढ्याशा गोष्टीने काय होते?" असे आपण सहज म्हणतो. जगाच्या बाजारात एवढ्याशा गोष्टीने काय होते त्याचा एक दाखला देतो. इंग्लंडच्या जग्वार कारखान्याने १९६१ साली 'ई-टाइप' नावाची वेगवान मोटार काढली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा सत्तर हजारांहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी अगदी सुरुवातीच्या सुमारे पाचशे मोटारींना बॉनेटचे कुलूप बाहेरच्या अंगाला होते. पुढे ते आत नेण्यात आले. वेगात या कुलपाने काही फरक पडत नाही. परंतु आज बाहेरच्या कुलपाची मोटार संग्राहक वेगळ्या आदराने पाहतात आणि तिला मोलही वेगळे देतात. कोणी मधल्या काळात 'दिसायला बरे' म्हणून ते कुलूप काढून भोके बुजवली असतील, तर त्याने किती गमावले याचा हिशेब आपणच करावा.

आपल्या परिचयाची जीप घ्या. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळातील लष्करी विलीसच्या ठोकीव पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असत आणि युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. जाणकार मनुष्य लांबूनच फटी मोजून तिचे कूळ सांगतो. आता कोणी हौसेने नागरी जीपला लष्करी तोंड बसवले, तर ती अधिक रुबाबदार दिसेल. परंतु ती ना लष्करी, ना नागरी. तिची साक्ष खोटी पडली.

मग प्रत्येक बदल वाईटच काय? तसेही नाही आणि या बाबतीत दोन उदाहरणे मोठी बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण १९३४ सालच्या एका बुगाटी मोटारीचे. फ्रान्समधील ही शर्यतीची मोटार, 'टाइप ५९' वर्गातील. १९३४ साली बेल्जियमची ग्रां-प्री शर्यत हिने जिंकली. पुढे कारखान्यानेच तिचे रूप बदलून ती साध्या रस्त्यावर चालण्याजोगी केली आणि ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली. तेथे तिला काळा रंग आणि त्यावर पिवळा पट्टा चढला. म्हणजे देहही बदलला आणि रंगही बदलला. तरीसुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेबल बीच येथे भरलेल्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ मोटारीचा मान तिलाच मिळाला. ते प्रदर्शन १९५० पासून भरते. परंतु नव्याने न सजवलेल्या, मूळ अवस्थेत जतन केलेल्या मोटारीने तो मान पटकावण्याची ती पहिलीच वेळ. जुना काळा रंग ठिकठिकाणी तडकलेला, झिजलेला, तसाच ठेवलेला होता. चकचकीत मोटारी मागे राहिल्या आणि ही पुढे गेली.

दुसरे उदाहरण इटलीच्या फेरारीचे. '२५० जीटीओ' या मोटारी १९६२ ते १९६४ या काळात केवळ ३६ बनल्या. त्यांपैकी एकीचा बाह्यदेह १९६४ साली, ती शर्यतीत धावत असतानाच, फेरारीचेच देह घडवणाऱ्या स्काग्लिएत्ती यांच्याकडे नव्या धाटणीचा करण्यात आला. ऑगस्ट २०१८ मध्ये ती लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना विकली गेली. देह बदलला म्हणून कोणी तिला नाकारले नाही.

या दोन्ही मोटारींतील बदल क्षम्य का ठरले? कारण ते त्या मोटारीच्या आयुष्यातच घडले, योग्य हातांनी घडले आणि त्यांची नोंद राहिली. राजाने दिलेला काळा रंग हा इतिहास आहे. आज कोणी तो खरवडून 'मूळचा निळा' चढवू पाहील, तर तो मूळ रंग परत आणत नसून इतिहासाचे एक पान फाडत असतो. आपल्या मराठी माणसांतही असे उदाहरण आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याचा सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांचा वेगवान देह चढवून घेतला आणि त्याला नारिंगी व काळा रंग दिला. कारखान्याने ती मोटार तशी बनवलेली नव्हती. परंतु होळकरांची आवड, त्यांचा काळ आणि लंडनच्या कारागिरांचे कसब या तिन्हींची ती साक्ष आहे. तो रंग बदलला तर ती होळकरांची राहणार नाही.

याउलट, काहीही न करणे कधी कधी किती फलदायी ठरते याचेही एक उदाहरण सांगतो. फ्रान्सच्या पश्चिम भागात एका कुटुंबाच्या शेतवाडीवर कित्येक दशके पडून असलेल्या ५९ मोटारी फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला लिलावात निघाल्या. त्यांतील एक फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. विक्रेत्यांनी तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही. ती एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. अर्थात आपल्या पडवीतील प्रत्येक धूळभरल्या फियाटला असे भाग्य लाभेल असे मी म्हणत नाही. धूळ मोलाची नव्हती; त्या धुळीखाली कोणाचा हात फिरला नव्हता, ही खात्री मोलाची होती.

बंधुभगिनींनो, या सर्व उदाहरणांतून मला तीन प्रश्न हाती लागतात. जुन्या वाहनात केलेला कोणताही बदल या तीन प्रश्नांच्या चाळणीतून काढला, की त्याचे मोलावरील परिणाम आपोआप कळतात.

पहिला प्रश्न : बदल परत फिरवता येतो काय? आसनांवर नवे रेक्झिनचे आवरण घातले आणि खालचे मूळ आवरण शाबूत असेल, तर काही बिघडत नाही. दिव्यांतले बल्ब बदलले, ध्वनियंत्र बसवले, मूळ चाके काढून दुसरी घातली, तरी मूळ वस्तू जपून ठेवली असेल तर ती पुन्हा बसवता येते. परंतु ध्वनियंत्रासाठी समोरची पाटी कापली, आरशासाठी दाराला भोक पाडले, मडगार्ड छाटले, वेल्डिंग केले, तर मागे फिरणे नाही. शिवाय भोकातून पाणी शिरते, पत्रा आतून गंजतो आणि पाच वर्षांनी भोकाऐवजी खिंडार दिसते.

रंग हा परत न फिरणाऱ्या बदलांपैकी आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नवा रंग देण्यापूर्वी मिस्त्री जुना रंग घासून काढतो. मूळ रंग एकदा गेला की तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. त्या छटेचा नवा रंग मिळतो एवढेच. शिवाय खोचा बुजवण्यासाठी लांबी भरली जाते. खरेदीदार लोहचुंबक लावून पाहतो. लांबीचा थर जाड असेल तेथे चुंबक चिकटत नाही. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्रही आता मिळते. कारखान्याच्या रंगाची जाडी सामान्यतः शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढी असते. त्याहून ती बरीच अधिक दिसली की वरून पुन्हा रंग बसला आहे हे यंत्र सांगून टाकते. दृष्टीला फसवता येते, मापाला नाही.

दुसरा प्रश्न : बदल केव्हा आणि कोणी केला? वडिलांनी १९७५ साली जीपवर शेताचे नाव रंगवून घेतले असेल, तर ते अक्षर आता जीपचेच झाले. ते पुसू नये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचे पहा. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ती पद्मिनी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात झाली होती आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. काळा-पिवळा रंग हा टॅक्सीच्या नियमाचा रंग, कारखान्याच्या सौंदर्यदृष्टीचा नव्हे. तरी आज कोणी जतन केलेली टॅक्सी पांढरीशुभ्र करील, तर तिच्यात पाहण्यासारखे काय उरेल?

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : बदल सांगितला की लपवला? नवा रंग हा दोष नव्हे. नव्या रंगाला 'मूळचा' म्हणणे हा दोष आहे. जो विक्रेता म्हणतो, "रंग अमुक साली दिला, हे त्याचे बिल, काढलेले भाग या पेटीत आहेत," त्याला दोन पैसे कमी मिळतील कदाचित, परंतु त्याचा शब्द गिऱ्हाईक मान्य करते आणि वाहनाच्या बाकी सर्व गोष्टींवर विश्वास ठेवते. ज्याची एक गोष्ट खोटी ठरते, त्याच्या दहा खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. ज्ञातीच्या व्यवहारात आपण शब्दाला जी किंमत देतो, तीच येथे लागू आहे.

आता कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याचे अज्ञान महागात पडते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. रंगाचीही नोंद पुस्तकात असते. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयात कळवून नोंद करून घ्यावी. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, हे कित्येक घरी विसरले जाते आणि वाहनाबरोबर त्याची कागदपत्रेही मरतात. कागद नसलेले वाहन कितीही देखणे असले तरी अनाथ असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांची नोंदणी वेगळ्या मालिकेत होते आणि क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. परंतु अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे; सांगाडा, बाह्यदेह वा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे मूळपणा जपण्याची जी गोष्ट कालपर्यंत हौशी लोकांच्या आवडीची होती, ती आता सरकारी नियमातही आली आहे.

येथे बसलेल्या तरुणांना उद्देशून दोन शब्द बोलतो. आपल्या भागात मोटारींपेक्षा मोटारसायकलींचे प्रेम अधिक. १९८५ ते १९९६ या काळात आपल्या देशात बनलेली यामाहा 'आरएक्स १००' आजही तुमच्या जिवाचा विसावा आहे, हे मला ठाऊक आहे. तिला मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रुंद हँडल, टाकीवर भडक चित्रे, असे अलंकार चढवण्याची हौस तुम्हाला असते. त्या आवाजाचा दंड होतो ही गोष्ट वेगळीच. परंतु अलंकार चढवताना काढलेला मूळ सायलेन्सर आणि मूळ हँडल तुम्ही भंगारवाल्याच्या हवाली करता, हे मला अधिक खटकते. ते भाग आता कारखान्यात बनत नाहीत. आज ज्यांना तुम्ही जुनाट म्हणता, त्यांच्यासाठी उद्या तुम्हीच गावोगाव हिंडाल.

कोणी विचारील, "गुरुजी, आम्हाला विकायचेच नाही, आमची वस्तू, आमची आवड." हा आक्षेप न्याय्य आहे. वस्तू आपली असेल तर तिला कोणता रंग द्यावा हे ठरवण्याचा अधिकारही आपला आहे. तसेच, दहा-पंधरा वर्षांची सामान्य मोटार, जिच्यासारख्या हजारो रस्त्यावर आहेत, ती नीट रंगवून विकली तर चार पैसे अधिकच मिळतात, हेही खरे. गंज धरलेला पत्रा तसाच ठेवण्यात शहाणपणा नाही. निकामी ब्रेक मूळचे आहेत म्हणून जपणारा मनुष्य संग्राहक नव्हे, अविचारी होय. सुरक्षिततेसाठी केलेला बदल कोणीही सुज्ञ मनुष्य दोषास्पद मानणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, जे करावयाचे ते जाणून करावे. मूळपणा ही एकदाच मिळणारी वस्तू आहे. ती खर्च करण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

तेव्हा ज्यांच्या घरी असे वाहन आहे त्यांनी काय करावे? प्रथम ते आहे त्या स्थितीत चारी बाजूंनी, आतून आणि बाहेरून छायाचित्रित करावे. सांगाड्याचा आणि यंत्राचा क्रमांक कागदावर उतरवून नोंदणीपुस्तकाशी पडताळावा. कोरड्या जागी, टायरांवर भार न ठेवता, झाकून ठेवावे. मळ पाण्याने व मऊ फडक्याने काढावा, घासू नये. कोणताही भाग काढला तर चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. एक वही करावी; तीत वाहन कोणी घेतले, कोठे घेतले, कोणत्या साली काय दुरुस्त केले, ते लिहावे. घरातील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहावे. ती वही उद्या कदाचित नव्या रंगापेक्षा अधिक मोल मिळवून देईल. आणि वाहन कधीच विकले नाही तरी ती वही घरात राहील, हा लाभ काही थोडा नव्हे.

कार्यकारी मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील संमेलनाच्या वेळी सभासद कुटुंबांनी आपली जुनी वाहने मांडवाबाहेर प्रांगणात आणावीत आणि प्रत्येकासमोर त्याची हकीकत लिहिलेली पाटी ठेवावी. बक्षीस द्यावयाचे झाले तर ते सर्वांत चकचकीत वाहनाला न देता, ज्याची हकीकत सर्वांत पूर्ण आणि सर्वांत प्रामाणिक असेल त्याला द्यावे. तसे झाले तर बाप आणि मुलगा यांच्यातील तो वाद आपोआप मिटेल. वडील जपतील, मुलगा लिहील, आणि वाहन त्या दोघांचे राहील.